हक्क छापील राहतो, मुदत बदलते

परवा ठाण्यात एका छोट्या सभेनंतर कळव्याला राहणाऱ्या, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने मला दोन प्रश्न विचारले. पहिला : हुकूमशाहीत सत्ताधाऱ्याची मर्जी हाच कायदा असेल, तर तिथले कायदे कसे बदलले आणि त्याने मानवी हक्कांचं काय झालं, हे शिकायचं कशाला? दुसरा : कोर्ट अर्ज फेटाळणार हे ठाऊक असताना वकिलाने तो दाखल का करायचा? तिथे घाईत जे बोललो ते अपुरं होतं. ठाण्याच्या कोर्टात फौजदारी कामं करायला लागून मला चाळीस वर्षं होत आली. त्यातली बरीचशी कामं तडीपारीच्या आणि स्थानबद्धतेच्या आदेशांविरुद्धची. तेव्हा आता बसून नीट लिहितो.

पहिल्या प्रश्नातलं गृहीतच मला मान्य नाही. हुकूमशाहीत कायदा उरत नाही असं आपण सहज म्हणतो, पण मी ज्या ज्या राजवटींचे कायदे वाचले, तिथे कायदे वाढलेलेच दिसले. दर आठवड्याला नवा वटहुकूम, वटहुकुमाला दुरुस्ती, दुरुस्तीला पूर्वलक्षी प्रभाव. याचं कारण साधं आहे. राज्य एकटा माणूस चालवत नाही. त्याला फौजदार लागतो, तुरुंगाधिकारी लागतो, तहसीलदार लागतो, न्यायाधीश लागतो. ही बहुतेक माणसं चारचौघांसारखीच असतात. रात्री कुणाचं दार वाजवायचं असेल तर त्यांना हातात कागद हवा असतो आणि त्या कागदावर कलम हवं असतं. ते कलम मिळालं की ती माणसं शांतपणे झोपतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. जुलै १९७५ मध्ये मी पंधरा वर्षांचा होतो. आम्ही नौपाड्यात एका चाळीत राहायचो. काका शाळेत गणित शिकवायचे आणि शिक्षकांच्या संघटनेचं काम करायचे. पहाटे त्यांना नेलं, तेव्हा फौजदाराने काकूच्या हातात एक चक्रमुद्रित कागद ठेवला. त्यात काकांचं नाव शाईने भरलेलं होतं आणि पुढे एकच वाक्य होतं : सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक वर्तन करण्यापासून यांना रोखणं आवश्यक आहे. काकूने विचारलं, ‘पण यांनी केलं काय?’ फौजदार उद्धट नव्हता. तो म्हणाला, ‘ताई, कारण द्यायची आता गरज नाही. कायदा बदललाय.’

तो खरं बोलत होता. वकील झाल्यावर मी तो बदल तारीखवार लावून पाहिला, आणि आजही ज्युनिअर आले की त्यांच्याकडून तो लिहून घेतो. मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, १९७१ चा. खटला न चालवता माणसाला डांबण्याची सोय त्यात होतीच, पण राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे डांबण्याची कारणं त्या माणसाला कळवावी लागत आणि त्यावर त्याला निवेदन करता येई. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला : राज्यघटनेच्या कलम १४ (समानता), २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ खालचे हक्क बजावण्यासाठी कोर्टात जाता येणार नाही. २९ जूनला वटहुकुमाने मिसामध्ये कलम १६-अ घातलं, म्हणजे कारणं कळवायची गरजच संपली. मग मिसाचं कलम १८ असं बदललं, की स्थानबद्ध माणसाला नैसर्गिक कायद्याने किंवा सामायिक कायद्यानेही (कॉमन लॉ) व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क सांगता येणार नाही. १७ ऑक्टोबरला आणखी एक वटहुकूम आला आणि स्थानबद्धतेची कारणं गोपनीय ठरली. आता कोर्टाने मागितली तरी ती मिळणार नव्हती. ८ जानेवारी १९७६ ला राज्यघटनेच्या कलम १९ साठीही, म्हणजे भाषण, सभा, संचार यांच्या स्वातंत्र्यासाठीही, कोर्टाचं दार बंद झालं.

यात एक गोष्ट नीट पाहा. कलम २१ कुणी रद्द केलं नाही. १९७६ साली छापलेली राज्यघटनेची प्रत उघडा, त्यात जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क जसाच्या तसा आहे. बदललं ते त्याच्या भोवतीचं : कारण किती दिवसांत द्यायचं, कुणाला द्यायचं, कुठे दाद मागायची, कोर्टाला काय पाहता येईल. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे. हक्क मारायचा असेल तर सरकार सहसा हक्काला हात लावत नाही. ते मुदत बदलतं, व्याख्या बदलतं, आणि निर्णय कोणाच्या टेबलावर व्हायचा ते टेबल बदलतं.

पूर्वीच्या एका खटल्याशी तुलना केली की हे जास्त स्पष्ट होतं. १९६२ पासून चीन युद्धाची आणीबाणी चालू होती. १९६५ मध्ये राममनोहर लोहिया यांना पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं. नियमात शब्द होता ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. आदेशात लिहिलं गेलं ‘कायदा आणि सुव्यवस्था’. सर्वोच्च न्यायालयाने लोहियांना सोडलं. न्या. हिदायतुल्ला यांनी तीन वर्तुळं कल्पिली : सर्वांत मोठं कायदा आणि सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचं. बाहेरच्या वर्तुळातली प्रत्येक गडबड आतल्या वर्तुळात पोचतेच असं नाही. आणीबाणी चालू असताना एक शब्द चुकला म्हणून माणूस सुटला. हे शक्य झालं, कारण १९६२ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात एक अट होती : त्या कायद्याखाली स्वातंत्र्य गेलेलं असेल तरच कोर्टाचं दार बंद. म्हणजे सरकार त्या कायद्याबाहेर गेलं तर दार उघडं. २७ जून १९७५ च्या आदेशातून ती अट गाळली होती. एक पोटवाक्य गेलं आणि त्याबरोबर लोहियांना वाचवणारी फट गेली. हे वर्तमानपत्राच्या मथळ्यात कधी येत नाही. ते राजपत्रात असतं आणि ते वाचण्याचं काम आपलं आहे.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं की आदेश कायद्याला धरून आहे की नाही एवढं तरी आम्ही तपासू शकतो. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या खटल्यात चार विरुद्ध एक अशा मताने ते पुसून टाकलं. एकटे न्या. हंसराज खन्ना वेगळे उभे राहिले आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला. तो बहुमताचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत रद्द ठरवला ऑगस्ट २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काबद्दलच्या पुट्टस्वामी खटल्यात. एक्केचाळीस वर्षं लागली.

घटनाही त्या काळात अशीच वाकवली गेली. पंतप्रधानांच्या निवडणुकीवरचं अपील ११ ऑगस्ट १९७५ ला सर्वोच्च न्यायालयात निघणार होतं. ७ ऑगस्टला लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, पुढच्या दोन दिवसांत राज्यसभा आणि विधानसभांची मंजुरी झाली, १० ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर. प्रत्येक पायरी घटनेत सांगितल्याप्रमाणेच पार पडली होती.

आता जरा लांब जाऊ. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट १९४८ पासून होती आणि तिचं संसदेवर फार प्रेम होतं. १९६३ च्या कायद्याने पोलिसांना आरोप न ठेवता ९० दिवस डांबायची मुभा दिली. रूथ फर्स्ट या पत्रकार बाईंना ९० दिवस भरल्यावर सोडलं आणि त्या रस्त्यावर येतात न येतात तोच पुन्हा धरलं. १९६५ मध्ये ९० चे १८० झाले. १९६७ च्या दहशतवादविरोधी कायद्यात आकडाच काढून टाकला. चौकशी पूर्ण होईपर्यंत कितीही दिवस. वर्णभेदाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको याच कायद्याखाली १८ ऑगस्ट १९७७ ला पकडले गेले आणि १२ सप्टेंबरला कोठडीतच मेले. ९०, १८०, आणि मग कोरी जागा. वकिलाला या तीन पायऱ्यांतून पुढचं सगळं दिसतं. कोठडीतला छळ त्या मुदतीत वाढतो जिथे वकील नाही आणि न्यायाधीशासमोर उभं करायची तारीख नाही. आपल्याकडे २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचा जो नियम आहे, त्याला काही लोक तांत्रिक बाब म्हणतात. रात्री बारा वाजता पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या आईला विचारा ती बाब तांत्रिक आहे का.

त्याच देशात वर्णभेदविरोधी नेते रॉबर्ट सोबुक्वे यांची तीन वर्षांची शिक्षा मे १९६३ मध्ये संपत होती. संपण्याआधी संसदेने कायद्यात एक कलम घातलं : शिक्षा भोगून झालेल्या कैद्यालाही मंत्री आत ठेवू शकतील. त्या कलमाला लोक सोबुक्वे कलम म्हणू लागले. त्यांना रॉबेन बेटावर आणखी सहा वर्षं, १९६९ पर्यंत, ठेवलं. एका माणसासाठी देशाचा कायदा.

आणि नावं! १९५२ मध्ये तिथे जो कायदा झाला त्याच्या नावातच ‘पास रद्द करणे’ असे शब्द होते. प्रत्यक्षात त्याने वेगवेगळे पास काढून त्यांच्या जागी एकच जाडजूड पुस्तिका आणली, जी कृष्णवर्णीय माणसाला सतत जवळ बाळगावी लागे आणि नसली तर अटक होई. १९५९ च्या कायद्याचं नाव होतं विद्यापीठ शिक्षणाचा विस्तार. त्याने खुल्या विद्यापीठांची दारं गोऱ्यांखेरीज इतरांना बंद केली. म्हणून मी ज्युनिअरना सांगतो, कायद्याचं नाव आणि उद्देशिका शेवटी वाचा. आधी व्याख्या, मग मुदती, मग शिक्षा, आणि ‘त्या त्या वेळी अंमलात असलेल्या अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ अशी सुरुवात असलेलं कलम कुठे दडलंय ते शोधा.

व्याख्येचा सर्वांत जुना धडा तर आपल्या घरातला आहे. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला तेव्हा वाद एका शब्दावर होता. कलम १२४-अ मधली ‘अप्रीती’ म्हणजे काय? न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं, सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजे अप्रीती. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. या अर्थावर टीका झाली, पण सरकारने काय केलं? १८९८ मध्ये कलमच दुरुस्त केलं. द्वेष आणि तुच्छता हे शब्द घातले आणि अप्रीतीत बेइमानी आणि सर्व प्रकारची शत्रुत्वाची भावना येते असं स्पष्टीकरण जोडलं. न्यायाधीशाने ताणलेला अर्थ कायद्याने छापील करून टाकला. दहा वर्षांनी दुसऱ्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले.

मंडाले ब्रह्मदेशात. तिथली दंडसंहिता आपलीच, १८६० ची, कलमांचे क्रमांकही तेच. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली. त्यानंतर दोन आठवड्यांत काय काय झालं ते पाहा. १३ फेब्रुवारीला नागरिकांच्या खासगीपणाच्या कायद्यातली तीन कलमं, ५, ७ आणि ८, स्थगित केली गेली. म्हणजे वॉरंटशिवाय घराची झडती घेता येणार आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय २४ तासांहून जास्त डांबता येणार. रात्री मुक्कामाला पाहुणा आला तर वॉर्डातल्या अधिकाऱ्याला कळवायचा जुना नियम परत आला. १४ फेब्रुवारीला दंडसंहितेत ५०५-अ हे नवं कलम आलं : भीती पसरवणं, खोटी बातमी पसरवणं, तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्या जुन्या संहितेत ५०५ कुठे होतं ते ज्यांना आठवतं, त्यांच्या लक्षात येईल की लष्कराला नवं काही शोधावं लागलं नाही. इंग्रजांनी ठेवलेली चौकट होती, तिला एक अक्षर जोडलं. पाहुण्याच्या नियमाचा विचार करताना मला नेहमी आमची चाळ आठवते. १९७५ मध्ये भूमिगत झालेले कार्यकर्ते घराघरांत एकेक रात्र काढायचे. पाहुणा कळवणं सक्तीचं असतं तर प्रत्येक शेजारी एकतर गुन्हेगार झाला असता नाहीतर खबऱ्या.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि १२४-अ गेलं. राजद्रोह हा शब्दही गेला. पण कलम १५२ वाचा, देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारी कृती. पूर्वी जन्मठेप किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होती, आता जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. कलम चांगलं की वाईट यावर मतभेद असू शकतात, माझं मत प्रतिकूल आहे. पण ‘राजद्रोहाचा कायदा गेला’ एवढंच ऐकून जो थांबला, त्याने दुरुस्ती वाचलेलीच नाही.

जामिनाकडेही असंच पाहावं लागतं. फौजदारी कोर्टात चार दिवस बसलेल्या माणसालाही कळतं की गोरगरिबाची खरी शिक्षा निकालाआधीच भोगून होते. हाँगकाँगसाठी बीजिंगने केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा ३० जून २०२० च्या रात्री अकरा वाजता लागू झाला, आणि लोकांना त्याचा मजकूर वाचायला मिळाला तोही तेव्हाच. त्याच्या कलम ४२ ने जामिनाचा नियम उलटा केला : आरोपी पुन्हा राष्ट्रीय सुरक्षेला धोका पोचवणार नाही असं मानायला न्यायाधीशाकडे पुरेसं कारण नसेल तर जामीन नाही. खटले ऐकणारे न्यायाधीशही मुख्याधिकाऱ्याने निवडलेल्या यादीतले. आपल्या यूएपीएमध्ये, म्हणजे बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्यात, २००८ मध्ये आलेलं ४३-ड चं पोटकलम ५ म्हणतं की आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन देता येणार नाही. भारत आणि हाँगकाँग एकच आहेत असं मी म्हणत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नजीब खटल्यात म्हटलं की खटला वर्षानुवर्षं रेंगाळला तर हे पोटकलम जामिनाच्या आड येऊ शकत नाही, असं म्हणणारं कोर्ट असणं ही मोठी गोष्ट आहे. पण दोन्ही वाक्यांची बांधणी शेजारी ठेवून पाहा. ओझं कुणाच्या खांद्यावर गेलं ते दिसेल.

जर्मनीबद्दल फार लिहिलं गेलंय म्हणून थोडक्यात. २८ फेब्रुवारी १९३३ च्या हुकुमाने नागरी हक्क ‘पुढील आदेशापर्यंत’ स्थगित झाले. पुढील आदेश बारा वर्षं आला नाही. आधीच्या प्रजासत्ताकाची वायमार घटना मात्र नाझींनी औपचारिकरीत्या कधीच रद्द केली नाही.

न्यायाधीशांचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यांनाही दुरुस्तीनेच बाजूला करतात. दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांतातल्या मिश्रवर्णीयांचा मताधिकार काढणारा कायदा तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९५२ मध्ये अवैध ठरवला. सरकारने निकाल मानायला नकार दिला, पण शेवटी वाट काढली ती कायद्यानेच. १९५५ मध्ये अशा घटनात्मक खटल्यांसाठी अकरा न्यायाधीशांचं पीठ ठरवलं, सिनेटची संख्या ४८ वरून ८९ केली आणि १९५६ मध्ये तोच मताधिकार हव्या त्या बहुमताने काढला. पाकिस्तानात १९८१ मध्ये लष्करशहा झिया उल हक यांनी न्यायाधीशांना नव्या आदेशाखाली शपथ घ्यायला सांगितलं. काही न्यायाधीशांनी ती घेतली नाही, काहींना बोलावलंच नाही. ते घरी गेले.

एवढं वाचून वाटेल की हे सगळं परक्या देशांचं आणि गेल्या काळाचं आहे, आपल्या कोर्ट नाक्यावर याचा काय संबंध? माझं रोजचं काम याच गोष्टींवर चालतं. १९८१ मध्ये महाराष्ट्रात एमपीडीए, म्हणजे धोकादायक कारवायांना प्रतिबंध करणारा स्थानबद्धतेचा कायदा, आला तो झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अंमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी. पुढे दुरुस्त्यांनी त्यात धोकादायक व्यक्ती आल्या, व्हिडिओ पायरसी करणारे आले, वाळू तस्कर आले, जीवनावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे आले. वाळू तस्करांबद्दल मला जराही माया नाही, खाडीचं त्यांनी काय केलंय ते मुंब्र्यापासून सगळ्यांना दिसतं. पण खटल्याशिवाय एक वर्ष डांबण्याचं हत्यार एकदा कपाटात आलं की त्याला नवी नवी नावं चिकटवणं किती सोपं असतं, हे या कायद्याच्या लांबत गेलेल्या शीर्षकात दिसतं. हे लोकशाहीत, निवडून आलेल्या सरकारांच्या हातून झालं.

त्या कायद्यातून मी माणसं सोडवली ती भाषणं करून नव्हे. बारा दिवसांत शासनाची मान्यता आली नाही. तीन आठवड्यांत सल्लागार मंडळाकडे कागद गेले नाहीत. निवेदनावर निर्णय द्यायला अकारण उशीर झाला. एकदा तर मूळ इंग्रजी आदेशात एक शब्द आणि आरोपीला दिलेल्या मराठी तर्जुम्यात दुसरा, ‘सार्वजनिक सुव्यवस्था’च्या जागी ‘कायदा व सुव्यवस्था’. लोहियांचाच मुद्दा, कळव्यातल्या सातवी शिकलेल्या पोराच्या कामी आला. त्याला कळणाऱ्या भाषेत कारण मिळालं नाही तर तो निवेदन काय करणार? या मुदती आणि हे शब्द म्हणजे उरलेला हक्क. उद्या कुणी दुरुस्ती आणून बारा दिवसांचे तीस केले, किंवा तर्जुम्यातली चूक आदेशाला बाध आणणार नाही असं एक ओळीचं पोटकलम टाकलं, तर एकही मोर्चा निघणार नाही. पण माझी अर्धी कामं त्या दिवशी हरलेली असतील.

तडीपारी त्याहून अवघड. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं आणि आधार असतो गुप्त जबाबांचा. साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत असं आदेशात लिहिलेलं असतं. कधी ते खरं असतं, कधी ते सगळ्या आदेशांत शब्दशः सारखं असतं. काकांच्या चक्रमुद्रित कागदाची मला तेव्हा आठवण होते.

एक कमी माहीत असलेली गोष्ट. आणीबाणीनंतर ४४ वी घटनादुरुस्ती झाली, १९७८ ची. कलम २० आणि २१ आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत, ‘अंतर्गत अशांतता’च्या जागी ‘सशस्त्र बंड’ आलं, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागतो. हे सगळं लागू झालं. पण त्याच दुरुस्तीत स्थानबद्धतेची सल्लागार मंडळाशिवायची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारं आणि मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीशी जोडणारं कलम होतं. ते अंमलात आणायची अधिसूचना आजवर निघालेली नाही. संसदेने मंजूर केलं, राष्ट्रपतींनी सही केली, तारीख कुणी घातली नाही. पाच दशकं होत आली, सरकारं सगळ्या रंगांची येऊन गेली. मिसाखाली तुरुंगात गेलेले लोक मंत्री झाले, त्यांनीही काढली नाही. मला या गोष्टीचा आजही राग येतो.

वाईट कायदा गेल्यावरही तो पूर्ण जात नाही. तुर्कस्तानात जुलै २०१६ ला लागलेली आणीबाणी जुलै २०१८ मध्ये उठली, आणि त्याच महिन्यात झालेल्या कायद्याने तिच्यातले कितीतरी अधिकार साध्या कायद्यात आणून ठेवले. आपल्याकडे १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. या जमातींना जिथे कोंडलं जाई त्या सोलापूरच्या सेटलमेंटची तारेची कुंपणं निघाली. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पारधी वस्तीवर पहिली धाड पडायची ती पडतच राहिली. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांमधून जातीवर आधारलेल्या आणि या जमातींना गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी काढा, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावं लागलं.

आता दुसरा प्रश्न. हरणार हे ठाऊक असताना अर्ज का करायचा?

कधी कधी हरत नाही, हे पहिलं. आणीबाणीत मिनू मसानी यांच्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला. कलम १९ स्थगित झालेलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फेब्रुवारी १९७६ मध्ये वेगळाच प्रश्न विचारला : सेन्सॉरचे अधिकार ज्या नियमातून येतात, त्या नियमात हे बसतं का? सरकारवर टीका करणं म्हणजे सुव्यवस्था बिघडवणं नव्हे, असं म्हणून त्यांनी सेन्सॉरचा आदेश टिकू दिला नाही. सरकारनेच केलेले शब्द सरकारला बांधतात, एवढ्या बारीक धाग्यावर तो निकाल उभा आहे. त्यासाठी कुणीतरी कोर्टात जावं लागलं.

आणि हरलं तर? चिलीमध्ये सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर वकिलांनी बेपत्ता माणसांसाठी हजारो हेबिअस कॉर्पस अर्ज, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असे अर्ज, केले. आधी ख्रिस्ती चर्च-संस्थांच्या एका समितीतून, आणि १९७६ पासून सँटियागोच्या कार्डिनलनी उभ्या केलेल्या कचेरीतून. कोर्टांनी जवळजवळ सगळे फेटाळले. पण प्रत्येक अर्जात लिहिलेलं होतं, कोण, कधी, कुठून नेलं, कुणी पाहिलं, कोणतं वाहन होतं, आणि सरकारने काय उत्तर दिलं. १९७८ मध्ये लष्कराने स्वतःला माफी देणारा कायदा केला. १९९० मध्ये लोकशाही आली तेव्हा सत्यशोधन आयोगाला ही सगळी दप्तरं मिळाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली. माणूस अजून सापडलेला नाही म्हणजे अपहरणाचा गुन्हा अजून चालूच आहे, तो १९७८ मध्ये संपलेला नाही आणि म्हणून माफीत बसत नाही, हा युक्तिवाद कोर्टांनी स्वीकारायला सुरुवात केली. वीस वर्षांपूर्वी फेटाळलेल्या अर्जातली तारीख तेव्हा पुरावा म्हणून उभी राहिली.

काकांसाठीही रिट दाखल झाली होती. वकिलांनी फी घेतली नाही. एप्रिल १९७६ च्या निकालानंतर ती फेटाळली गेली आणि काका नाशिकरोडच्या तुरुंगातून निवडणुकीच्या घोषणेनंतर, १९७७ मध्येच बाहेर आले. त्या रिटची नक्कल आणि तो चक्रमुद्रित आदेश काकूने लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूखाली ठेवला होता.

२०१८ मध्ये राज्य सरकारने आणीबाणीतल्या बंदीवानांना आणि त्यांच्या मागे राहिलेल्या जोडीदारांना मानधन द्यायचं ठरवलं. काका तोवर गेले होते. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मी तिला घेऊन एका कचेरीत गेलो. खिडकीतल्या मुलाने तुरुंगात असल्याचा पुरावा मागितला. त्याचा जन्मही त्यानंतरचा. त्याने आदेश हातात घेतला, पुढून मागून पाहिला आणि विचारलं, ‘आजी, यात गुन्हा कुठे लिहिलाय?’

काकू म्हणाली, ‘तो तेव्हाही लिहिला नव्हता.’ त्याने मान हलवली, नक्कल जोडून घेतली, आणि मूळ कागद दोन्ही हातांनी तिला परत दिला.